विभाजित अंतरांचं उत्तर ‘थोडंसंच’ चुकतंय? तिसऱ्या बिंदूवर तपासा

दर वर्षी अंकीय पद्धतींची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात हा प्रश्न येतोच. यंदा एक मुलगी जर्नल घेऊन आली. “मॅडम, माझं २७.५६ येतंय, बाकीच्यांचं २६. राउंडिंगमुळे असेल ना?”

राउंडिंगने दीडचा फरक पडत नाही. पण तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला, कारण २७.५६ हे उत्तर दिसायला बिलकूल चुकीचं दिसत नाही. दोन हजार आलं असतं किंवा उणे आलं असतं तर तिने स्वतःच कोष्टक पुन्हा मांडलं असतं. न्यूटनच्या विभाजित अंतरांच्या पद्धतीतल्या, म्हणजे दिलेल्या बिंदूंतून जाणारी बहुपदी काढून मधली किंमत शोधायच्या रीतीतल्या, चुका बहुतेक अशाच असतात. उत्तर शक्यतेच्या आसपास राहतं आणि चूक जर्नलमध्ये सहीसकट जाते. म्हणून वर्गात ज्या चुका मला वारंवार सापडतात त्या, आणि त्या पकडायच्या कशा ते, इथे सविस्तर लिहिते आहे.

तिचं गणित असं होतं. क्ष च्या किमती १, २, ४, ७ आणि य च्या ४, ९, ६१, ३३४. क्ष = ३ असताना य किती? बरोबर कोष्टक असं येतं:

पहिली अंतरं: (९ − ४)/(२ − १) = ५, (६१ − ९)/(४ − २) = २६, (३३४ − ६१)/(७ − ४) = ९१
दुसरी अंतरं: (२६ − ५)/(४ − १) = ७, (९१ − २६)/(७ − २) = १३
तिसरं अंतर: (१३ − ७)/(७ − १) = १

वरच्या तिरक्या ओळीतले ४, ५, ७, १ हे सहगुणक. बहुपदी झाली ४ + ५(क्ष − १) + ७(क्ष − १)(क्ष − २) + १(क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ४). क्ष = ३ घातलं की ४ + १० + १४ − २ = २६.

तिने दुसऱ्या अंतरात ४ − १ ऐवजी ४ − २ ने भागलं होतं, पुढे ७ − २ ऐवजी ७ − ४ ने, आणि तिसऱ्या अंतरातही ७ − ४ नेच. त्यामुळे सहगुणक आले ४, ५, १०.५ आणि ३.७२, आणि उत्तर २७.५६.

आधी निदान, मग कोष्टक

चूक शोधायला सगळं कोष्टक पुन्हा मांडत बसू नका. तुमच्या बहुपदीत दिलेलेच बिंदू एकेक करून घाला. बहुपदी त्या सगळ्या बिंदूंतून गेलीच पाहिजे, तिची अटच ती आहे. तिच्या बहुपदीत क्ष = १ घातलं तर ४ येतं, बरोबर. क्ष = २ ला ९, तेही बरोबर. क्ष = ४ ला मात्र ४ + १५ + ६३ = ८२ येतं आणि यायला हवं ६१. तिथे चूक उघडी पडली.

पहिले दोन बिंदू जुळले म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. छेदाची चूक तिथे दिसणारच नाही, कारण पहिल्या अंतरात शेजारचा छेद हाच बरोबर छेद असतो. तिसऱ्या बिंदूपासून खरी परीक्षा.

कोणत्या बिंदूवर गाडी अडते यावरून चूक कुठे आहे तेही कळतं. पहिल्याच बिंदूवर अडली तर कोष्टकाकडे पाहू नका, किंमत काढण्यात गडबड आहे. दुसऱ्यावर अडली तर पहिलं अंतर तपासा. तिसऱ्यावर किंवा त्यापुढे अडली तर छेद, नाहीतर प्रोग्रॅममधला क्रम.

छेद कुठला घ्यायचा

ही चूक होते कारण आपल्याकडे समान टप्प्यांचं कोष्टक आधी शिकवलं जातं. त्यात रकान्यामागून रकाना नुसती वजाबाकी, भागाकार नाहीच. हात त्या सवयीचा होतो आणि असमान टप्पे आले की छेद शेजारून उचलला जातो. खरं तर ब्रह्मगुप्ताने ‘खंडखाद्यक’मध्ये, म्हणजे इ. स. ६६५ मध्ये, ‘ज्या’च्या (साइनच्या) कोष्टकातली मधली किंमत काढायला दुसरी अंतरं वापरली होती. ते कोष्टक ९०० कलांच्या, म्हणजे १५ अंशांच्या, समान टप्प्यांचं होतं. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या खंडात समान टप्प्यांबरोबर असमान टप्प्यांचीही रीत दिली, आणि ती धूमकेतूच्या जागा काढण्यासाठी दिली. धूमकेतूचे वेध काही ठरावीक वेळाने मिळत नाहीत. हे असमानपण कोष्टकात कुठे साठवलं जातं? फक्त छेदांत. छेद चुकला की दोन वेधांमध्ये किती काळ गेला हेच आपण विसरलो असं होतं.

लक्षात ठेवायची सोपी रीत अशी: ज्या खान्याचा छेद हवा आहे तिथून एक बोट वरच्या तिरक्या वाटेने आणि दुसरं खालच्या तिरक्या वाटेने पहिल्या रकान्यापर्यंत मागे न्या. बोटं जिथे टेकतील त्या दोन क्ष ची वजाबाकी म्हणजे छेद. दुसऱ्या अंतरांतल्या ७ या खान्यापासून बोटं १ आणि ४ वर टेकतात. शेवटच्या खान्यापासून १ आणि ७ वर. फळ्यावर हे मी दर वेळी खडूने तिरक्या रेघा ओढून दाखवते. एकदा हात फिरला की मुलं सहसा चुकत नाहीत.

आणखी एक पडताळा मला फार आवडतो, कारण त्यात या पद्धतीचं सौंदर्य दिसतं. बिंदूंचा क्रम हवा तसा बदला, शेवटचं अंतर बदलत नाही. क्रम ७, १, ४, २ घेतला तर पहिली अंतरं ५५, १९, २६ येतात, दुसरी १२ आणि ७, आणि तिसरं (७ − १२)/(२ − ७) = १. मधले सगळे आकडे वेगळे, टोक तेच. परीक्षेत वेळ असेल तर हा पडताळा करून पाहाच.

किंमत काढताना: ७ गेला कुठे?

बहुपदीच्या कंसांत १, २, ४ आहेत, ७ नाही. हे पाहून मुलं गोंधळतात आणि ७ ला कुठेतरी बसवून टाकतात. सात हरवलेला नाही. तो शेवटच्या सहगुणकात आहे. ‘न’ इतके बिंदू असतील तर कंस ‘न उणे एक’च.

आतून बाहेर येत किंमत काढा: शेवटचा सहगुणक १ घ्या. १ × (३ − ४) + ७ = ६. मग ६ × (३ − २) + ५ = ११. मग ११ × (३ − १) + ४ = २६. सुरुवातीलाच (३ − ७) ने गुणलं तर उत्तर ६ येतं. अशा वेळी क्ष = १ चा पडताळाही लगेच चुकतो, ४ ऐवजी २ येतात.

हाताने बरोबर, प्रोग्रॅममध्ये चूक

इथे तीन खोड्या आहेत आणि तिन्ही मी अनेकदा पाहिल्या आहेत.

पहिली खोडी क्रमाची. पूर्ण कोष्टक न साठवता एकाच अॅरेत (आकड्यांच्या यादीत) अंतरं काढायची असतील तर प्रत्येक फेरीत शेवटच्या घटकापासून सुरुवात करून वर यावं लागतं. पहिल्यापासून खाली गेलात तर शेजारची जुनी किंमत आधीच पुसली गेलेली असते आणि तुम्ही नव्या किमतीची वजाबाकी करत राहता. वरच्याच गणितात उलट दिशेने लूप फिरवला तर सहगुणक येतात ४, ५, ७.६७, १.८७. आणि क्ष = ३ ला उत्तर? २५.६. खऱ्या २६ च्या इतकं जवळ की कुणालाच शंका येणार नाही. क्ष = ४ ला मात्र ६१ च्या जागी ६५ येतात, म्हणजे तिसऱ्या बिंदूची परीक्षा इथेही पकडते. क व्या फेरीत इ हा शेवटापासून क पर्यंत उतरता ठेवा, आणि छेदात इ व्या क्ष मधून (इ − क) वा क्ष वजा करा.

दुसरी खोडी पूर्णांकांची. पायथनमध्ये नमपाय या गणिती लायब्ररीचा अॅरे तुम्ही १, २, ३, ४ असा नुसत्या पूर्णांकांनी भरला तर तो अॅरे पूर्णांकांचाच बनतो. त्याच अॅरेत ०.३३ लिहायला गेलात तर तो दशांश भाग कापून ० ठेवतो आणि तक्रारही करत नाही. क्ष १, ४, ९, १६ आणि य १, २, ३, ४ घेऊन पाहा, म्हणजे वर्गमुळांचं कोष्टक. पहिली अंतरं १/३, १/५, १/७. तिन्हींचा ० होतो आणि तुमची बहुपदी कुठल्याही क्ष ला १ हेच उत्तर देत बसते. सी मध्ये इंट प्रकारचे चल वापरले तरी हेच. यातली खरी फसवी गोष्ट अशी की वरचं १, २, ४, ७ चं उदाहरण या खोडीला पकडत नाही, कारण त्यातले सगळे भागाकार नेमके नि:शेष जातात. म्हणून प्रोग्रॅम तपासायला वर्गमुळांसारखं उदाहरण वापरा आणि अॅरे सुरुवातीलाच फ्लोट (दशांश) प्रकारचा करा.

तिसरी खोडी कॉपीची. ‘अ = य’ असं लिहिलं की नवा अॅरे तयार होत नाही, त्याच अॅरेला दुसरं नाव मिळतं. अंतरं काढता काढता तुमचा मूळ य पुसला जातो, आणि मग दिलेल्या बिंदूंवर पडताळा करायला गेलात की बरोबर बहुपदीही चुकीची ठरते. आधी कॉपी करून घ्या.

पडताळा जुळतो, तरी उत्तर पटत नाही

आता या परीक्षेची मर्यादा. आकडाच चुकीचा उतरवला असेल तर बहुपदी त्या चुकीच्या आकड्यातूनही इमानाने जाते आणि पडताळा जुळतो.

प्रयोगशाळेत एक जण वाचतो, दुसरा लिहितो. मराठीत आपण एकक आधी बोलतो: पंचवीस म्हटलं की कानावर आधी पाच पडतात, मग वीस. घाईत हातून ५ आधी लिहिला जातो आणि २५ चे ५२ होतात. बासष्टचे सव्वीस होतात. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिली आहे की वाचणाऱ्याला मी ‘दोन, पाच’ असं सुटं वाचायला सांगते.

टप्पे समान असतील तर अंतरांचं कोष्टकच ही चूक दाखवून देतं. वर्गसंख्या घ्या: ९, १६, ५२, ३६, ४९. मधला २५ चा ५२ झाला आहे. पहिली अंतरं ७, ३६, −१६, १३. दुसरी अंतरं २९, −५२, २९. सगळीकडे २ यायला हवे होते. प्रत्येकातून २ वजा करा: २७, −५४, २७. हे १, −२, १ च्या प्रमाणात आहे, म्हणजे मधल्या आकड्यात २७ ची वाढ झाली आहे, आणि ५२ − २७ = २५. तिसऱ्या अंतरांत हीच चूक १, −३, ३, −१ अशी दिसते, चौथ्यात १, −४, ६, −४, १. शेजारचे दोन अंक उलटले गेले तर फरक नेहमी ९ च्या पटीत असतो, २७ तसाच आहे. संगणक येण्याआधी छापील कोष्टकांतल्या चुका शोधायला हीच युक्ती वापरत.

टप्पे असमान असतील तर एकेक बिंदू बाजूला ठेवा आणि शेजारच्या तीन-चार बिंदूंवरून त्याची किंमत काढून पाहा. एखादा बिंदू फारच दूर पडला तर मूळ नोंद उघडा. गणितावरून आकडा दुरुस्त करू नका, मूळ नोंदीवरून करा.

शून्याने भागाकार, किंवा जवळजवळ शून्याने

एकच क्ष दोनदा आला तर छेद शून्य होतो. तो मोजमापाचा दुसरा वेध असेल तर दोन्हींची सरासरी घ्या. त्या बिंदूवर उतार माहीत असेल तर मात्र तो बिंदू दोनदा घेणं योग्यच आहे, फक्त ०/० च्या जागी तो उतार लिहायचा. ही हर्माइटची रीत.

जास्त त्रास होतो तो जवळजवळ सारख्या क्ष चा. १०.००० आणि १०.००१ सेकंदांची वाचनं आहेत आणि प्रत्येकात ०.१ ची चूक असू शकते. वजाबाकीत ०.२ पर्यंत चूक, ती ०.००१ ने भागली की २००. हा आकडा पुढच्या प्रत्येक रकान्यात जातो. अशा जोडीतलं एक वाचन सोडून द्या.

सगळं बरोबर, तरी वक्र टोकांना उसळतो

बिंदू वाढवले की उत्तर सुधारेल असं मनात पक्कं बसलेलं असतं. कार्ल रुंगेने १९०१ मध्ये १/(१ + २५क्ष²) हे साधं, गुळगुळीत फल घेऊन हे खोटं ठरवलं. −१ ते १ मध्ये समान टप्प्यांचे ११ बिंदू घेतले तर टोकांजवळ सुमारे १.९ ची चूक येते, आणि फल स्वतः तिथे ०.०४ च्या आसपास असतं. २१ बिंदू घेतले तर चूक साठच्या घरात जाते. इथे तुमच्या कोष्टकात काहीही चुकलेलं नसतं, म्हणून कोष्टक तपासत रात्र घालवू नका.

बिंदू निवडणं हातात असेल तर ते टोकांकडे दाट ठेवा. चेबिशेव्हचे ११ बिंदू घेतले की तीच चूक सुमारे ०.११ वर येते. बिंदू हातात नसतील, आणि मोजमापात बहुधा नसतातच, तर सगळ्यांतून एक बहुपदी ओढू नका. हव्या त्या क्ष च्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन बिंदू घ्या किंवा स्प्लाइन, म्हणजे लहान लहान तुकडे जोडून केलेला गुळगुळीत वक्र, वापरा. बिंदू फारच जास्त असतील, तीस-चाळीस, तर चढत्या क्रमाने घालण्याऐवजी एक या टोकाचा, एक त्या टोकाचा, मग मधला असे विखरून घाला. सलग क्रमाने घातलेल्या बिंदूंवर संगणकाच्या राउंडिंगची चूक फार लवकर फुगते.

जनगणनेचं गणित

शेवटी तो प्रश्न, जो परीक्षेत हमखास असतो आणि ज्यात सर्वांत जास्त भोळेपणाने उत्तर लिहिलं जातं. भारताची लोकसंख्या कोटींत: १९५१ ला ३६.१, १९६१ ला ४३.९, १९७१ ला ५४.८, १९८१ ला ६८.३, १९९१ ला ८४.६, २००१ ला १०२.९ आणि २०११ ला १२१.१. सातही बिंदूंतून सहाव्या घाताची बहुपदी काढा. पडताळा सातही वेळा जुळेल. आता तिला १९३१ ची लोकसंख्या विचारा. ती ५५.३ कोटी सांगते. आजच्या भारताच्या क्षेत्रातली १९३१ ची नोंद २७.९ कोटी आहे. म्हणजे बहुपदीचं उत्तर खऱ्या नोंदीच्या जवळजवळ दुप्पट.

कारण पाहायचं तर तेच उत्तर दिलेल्या सात आकड्यांच्या बेरजेत लिहून पाहा. १९५१ पासून क्रमाने त्यांना २८, −११२, २१०, −२२४, १४०, −४८ आणि ७ ने गुणलं जातं. १९८१ च्या आकड्यात ०.१ कोटीचा, म्हणजे दहा लाखांचा फरक पडला तर १९३१ चं उत्तर २२.४ कोटींनी सरकतं. इथे आपण आकडे एका दशांशापर्यंत लिहिले आहेत, आणि नुसत्या तेवढ्यानेही उत्तर कुठल्या कुठे जाऊ शकतं.

एक जोडसूचना: या गणितात बहुपदी उलगडून वर्षाच्या घातांत लिहू नका. १९५१ चा सहावा घात करून मग प्रचंड आकड्यांची वजाबाकी करायची आणि त्यातून शंभराच्या आतलं उत्तर काढायचं, यात संगणकाचे बरेचसे महत्त्वाचे अंक निघून जातात. न्यूटनचं रूप (क्ष − १९५१) असे लहान फरक वापरतं, ते तसंच राहू द्या.

याच कोष्टकाला १९६६ ची लोकसंख्या विचारा. १९५१ ते १९८१ चे चार बिंदू घेऊन ४८.९९ कोटी येते, सातही घेऊन ४९.०४. फरक पाच लाखांचा. जर्नलमध्ये मी ही दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहायला सांगते, आणि १९३१ च्या प्रश्नापुढे बहुपदीच्या उत्तराऐवजी जनगणनेच्या नोंदीतला आकडा.